हमामाचा अर्धा दिवस

तुर्कस्तानच्या सहलीची छापील कार्यक्रमपत्रिका हाती घेऊन पाहिली, तर तीत आयासोफिया असते, सुलतान अहमदची निळी मशीद असते, तोपकापीचा राजवाडा, बॉस्फरसमधील नौकाविहार, ग्रँड बाजारातील खरेदी आणि पुढे कापादोक्यातील फुग्याची फेरी हेही असते. हमामाचा उल्लेख मात्र, झालाच तर, शेवटच्या रकान्यात, रात्रीच्या जेवणानंतर, ‘ऐच्छिक, स्वखर्चाने’ अशा शेऱ्यासह झालेला आढळतो, आणि तोही बहुधा मुक्कामाच्या हॉटेलातील तळघरात बांधलेल्या एका संगमरवरी खोलीपुरता. ज्या संस्थेने शतकानुशतके एका प्रचंड नगराची शुचिता सांभाळली, जिच्या उत्पन्नावर मशिदी, पाठशाळा आणि ग्रंथालये चालली, जिच्या उंबरठ्याच्या आत नववधूचे आणि बाळंतिणीचे न्हाणे समारंभपूर्वक होत असे, तिला अशी तासाभराची जागा मिळावी, हे मला योग्य वाटत नाही. इस्तंबूलमधील इतर प्राचीन वास्तू आपण पाहतो. हमाम आपण वापरतो, आणि तो वापरला गेल्यानेच टिकतो. म्हणून प्रवाशाने कोणता हमाम निवडावा हा प्रश्न केवळ त्याच्या सुखसोयीचा नाही. त्याच्या निवडीवर त्या वास्तूचे भवितव्य काही अंशी अवलंबून आहे, अशी माझी धारणा आहे.

उस्मानी राजवटीत सुलतानाने, त्याच्या मातेने अथवा वजिराने मशीद बांधली, की तिच्या आसपास मदरसा, रुग्णालय, अन्नछत्र, सराई असा सारा परिवार उभा राही, आणि या धर्मादाय संस्थांच्या नित्याच्या खर्चाची तजवीज वक्फास जोडून दिलेल्या मिळकतींतून केली जाई. या मिळकतींत दुकानांचे गाळे असत, शेतजमिनी असत, आणि त्यांच्याइतकाच भरवशाचा असा हमाम असे. कारण दुकानाचे भाडे थकू शकते, पिकाला अवर्षणाची बाधा होऊ शकते, परंतु शुक्रवारच्या नमाजापूर्वी स्नान करू इच्छिणाऱ्या आणि घरी स्नानगृह नसलेल्या लोकांचा ओघ कधी खंडित होत नाही. मुराद तिसरा याची माता नूरबानू सुलतान हिने १५८४ साली बांधविलेला चेम्बरलिताश हमाम बॉस्फरसच्या पलीकडच्या तीरावर, उस्कुदार येथे तिने स्थापन केलेल्या मशीद-संकुलाच्या खर्चासाठी उत्पन्न मिळावे या हेतूने अस्तित्वात आला. सुलतान महमूद पहिला याने १७४१ साली जालोलू हमाम बांधला, तो आयासोफियात त्याने उभारलेल्या ग्रंथालयाला उत्पन्न मिळावे म्हणून. एका नगरात लोकांनी न्हाऊन-धुऊन दिलेल्या पैशावर हस्तलिखिते जतन व्हावीत, ही व्यवस्था ज्यांनी कल्पिली त्यांच्या कारभारीपणाविषयी मला अतिशय आदर वाटतो.

जालोलूनंतर इस्तंबूलमध्ये त्या तोलाचा हमाम उभा राहिला नाही, याचेही कारण व्यवहारातलेच आहे. हमामाला पाणी फार लागते आणि पाणी तापविण्यास लाकूड त्याहून फार. नगराची वस्ती वाढत गेली तसतसा या दोहोंचा तुटवडा भासू लागला, आणि १७६८ साली सुलतान मुस्तफा तिसरा याने नवे मोठे हमाम बांधण्यास मनाई करणारे फर्मान काढले. त्यामुळे आज प्रवासी ज्या भव्य हमामांत पाऊल टाकतो, ते जवळजवळ सर्व त्या फर्मानाच्या आधीचे आहेत, आणि त्यांतले कित्येक सिनान या एकाच स्थपतीच्या हातचे किंवा त्याच्या देखरेखीखालचे. सुलेमानिये मशिदीसारखी गगनाला भिडणारी वास्तू ज्याने रचली, त्याने तितक्याच आस्थेने स्नानगृहांच्या भिंतींतील धुराच्या नळ्यांचाही विचार केला, ही गोष्ट वास्तुकलेच्या अभ्यासकांनी पुनःपुन्हा सांगितली पाहिजे.

या वास्तूचा अंतर्भाग ज्याने समजून घेतला, त्याला निवडही सोपी जाते. बाहेरच्या दारातून आत शिरल्यावर जो उंच, प्रशस्त दिवाणखाना लागतो त्याला जामेकान म्हणतात. तेथे लाकडी कठड्यांच्या छोट्या खोल्यांत कपडे बदलायचे आणि स्नानानंतर विश्रांतीसाठी तेथेच परत यायचे. त्यापुढे सोउकलुक, म्हणजे मधली कोमट खोली, जेथे शरीर उष्णतेला हळूहळू सरावते. आणि तिच्याही पुढे सिजाक्लिक, ते मुख्य उष्ण दालन, ज्याच्या मधोमध घुमटाखाली ग्योबेक ताशी ही संगमरवरी नाभिशिला असते. दालनाच्या पाठीमागे भट्टी असते, तिला क्युल्हान म्हणतात. तिची उष्ण हवा आणि धूर फरशीखालच्या पोकळीतून फिरत भिंतींतील नळ्यांवाटे वर जातो, आणि त्या योगे फरशी, शिला, भिंती सर्व काही आतून तापते. फरशीखालच्या त्या पोकळीला तुर्की लोक जेहेन्नेमलिक, म्हणजे नरकस्थान, असे म्हणतात. पूर्वी निराश्रित मुले हिवाळ्याच्या रात्री भट्टीच्या ऊबेत आसरा घेत, तेथेच लहानाची मोठी होत, आणि त्यांचा एक स्वतंत्र, स्वाभिमानी, थोडासा दांडगा असा पंथच नगरात निर्माण झाला होता. आता अनेक ठिकाणी लाकडाऐवजी नैसर्गिक वायू जळतो, परंतु दगड खालून तापविण्याचे तत्त्व तेच आहे, आणि ते रोमन स्नानगृहांकडून बायझँटियमच्या वाटेने तुर्कांकडे आले आहे.

रोमन पद्धतीतील एक गोष्ट मात्र तुर्कांनी टाकून दिली, ती म्हणजे साचलेल्या पाण्याचा तलाव. शुद्धीसाठी पाणी वाहते असले पाहिजे या धार्मिक दंडकामुळे हमामात बुडी मारण्याची सोय बहुधा नसतेच. त्याऐवजी भिंतीलगत कुर्ना नावाची संगमरवरी कुंडे ओळीने बसविलेली असतात, त्यांवर गरम व थंड पाण्याचे दोन नळ, आणि हाती तास हे धातूचे पसरट पात्र. कुर्नाला तळाशी भोक नसते. पाणी काठोकाठ भरते, ओसंडते, फरशीवरून वाहून जाते, आणि न्हाणारा तासाने ते अंगावर घेत राहतो. अंगावरचे किंवा साबणाचे पाणी मात्र चुकूनही कुर्नात पडू देत नाही. परदेशी माणसाकडून होणारा सर्वांत मोठा अनाचार हाच, की तो कुर्नात हात धुतो किंवा साबण बुडवितो, आणि मग शेजारच्या वृद्धाने न बोलता ते सारे कुंड उपसून पुन्हा भरलेले त्याला पाहावे लागते. प्रवाशाने एवढा एक शिरस्ता पाळला तरी त्याच्याकडे आदराने पाहिले जाते.

आता या संस्थेची आजची स्थिती पाहावी. घरोघरी नळ आणि स्नानगृहे आली, तेव्हा आठवड्याचे स्नान हमामात करण्याची गरज संपली. वक्फांचा जुना कारभारही प्रजासत्ताक आल्यानंतर पालटला, आणि कित्येक हमाम बंद पडले, पाडले गेले किंवा भलत्याच उपयोगास लावले गेले. १४६६ सालच्या महमूदपाशा हमामात बाजार भरला. सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रेम सुलतान हिच्यासाठी सिनानने १५५६ साली आयासोफियाच्या समोर बांधलेला, स्त्रिया व पुरुष यांचे दोन विभाग एकापुढे एक सरळ रेषेत मांडलेला सुमारे ७५ मीटर लांबीचा हमाम विसाव्या शतकात गोदाम झाला, पुढे तेथे गालिच्यांची सरकारी विक्री चाले, आणि २०११ साली जीर्णोद्धार होऊन तो पुन्हा स्नानासाठी खुला झाला. तोफाने भागातील किलिच अली पाशा हमाम २०१२ साली असाच दीर्घ दुरुस्तीनंतर उघडला. आणि झेयरेक येथील चिनिली हमाम, जो सिनानने नौसेनापती बार्बारोस हैरेद्दीन पाशा याच्यासाठी बांधला होता आणि ज्याच्या नक्षीदार इझनिक फरशांपैकी पुष्कळशा एकोणिसाव्या शतकातच युरोपातील संग्रहांत जाऊन पडल्या, तो १३ वर्षांच्या परिश्रमांनंतर २०२३ साली जनतेस पुन्हा पाहावयास मिळाला. घुमटांचे शिसे, भिंतींतील ओल, खचलेली जेहेन्नेमलिक, यांची दुरुस्ती किती खर्चाची असेल याचा अंदाज कोणत्याही जुन्या वाड्याच्या मालकाला सहज करता येईल. हा खर्च अखेर स्नानार्थींच्या पैशातूनच निघायचा आहे.

म्हणूनच हॉटेलमधील ‘तुर्की स्नाना’ला माझा विरोध आहे. तेथे तापविलेली संगमरवरी ओटी असते, वाफ असते, फेस असतो, सेवकही कुशल असू शकतो. परंतु तेथे दिलेले पैसे एखाद्या पुरातन घुमटाच्या कामी येत नाहीत, आणि तेथे नगरातील एकही माणूस आपल्या शेजारी न्हात नसतो. ज्याला केवळ थकवा घालवायचा आहे त्याने तेथे जावे. त्याला ती मुभा आहे. इस्तंबूलला जाऊन हमाम अनुभवला, असे मात्र त्याने घरी येऊन सांगू नये.

मग निवड उरते ती ऐतिहासिक मोठे हमाम आणि मोहल्ल्यातील साधे हमाम यांच्यामध्ये. प्रथमच जाणाऱ्या मराठी कुटुंबाला मी निःसंकोच मोठ्या ऐतिहासिक हमामाची शिफारस करीन. त्यांचे दर पुष्कळ अधिक असतात, बहुधा युरोत लावलेले असतात, आणि आधी वेळ ठरवून जावे लागते, हे खरे. परंतु सेवकांना परकीयांची सवय असते, पायऱ्या समजावून सांगितल्या जातात, आणि स्त्री-पुरुषांच्या व्यवस्थेबद्दल शंका राहत नाही. चेम्बरलिताश आणि जालोलू हे जोडहमाम आहेत. त्यांत दोन स्वतंत्र विभाग असून ते एकाच वेळी चालतात, त्यामुळे पती-पत्नी एकाच सुमारास आपापल्या दारांनी आत जाऊन एकाच सुमारास बाहेर येऊ शकतात. (चेम्बरलिताशच्या स्त्री-विभागाचा काही भाग एकोणिसाव्या शतकात दिवाणयोलूचा रस्ता रुंद करताना कापला गेला. रस्त्यासाठी काय पाडावे हे ठरविताना दोन विभागांपैकी स्त्रियांचाच कापावा लागला, हे वाचून कोणाही विचारी माणसाला वाईट वाटेल.) किलिच अली पाशा हा एकहमाम आहे; तेथे दिवसाचा पहिला भाग स्त्रियांचा आणि संध्याकाळ पुरुषांची. माझ्या मते या साऱ्यांत त्याचा घुमट अतुलनीय आहे: छिद्राछिद्रांतून बसविलेल्या काचांमधून, ज्यांना तेथे ‘हत्तीचे डोळे’ म्हणतात, प्रकाशाचे कवडसे वाफेत उतरतात आणि दुपार कलते तसे फरशीवरून सरकत जातात. ज्या स्त्रियांना हे पाहणे शक्य आहे त्यांनी सकाळच्या उत्तरार्धातली वेळ मागून घ्यावी. संध्याकाळी जाणाऱ्या पुरुषांना हिवाळ्यात ते दृश्य लाभत नाही.

सुलेमानिये मशिदीच्या परिसरातील १५५७ सालच्या हमामात स्त्री-पुरुष कुटुंबासह एकत्र जाऊ शकतात, आणि दूर-परक्या देशात पत्नीपासून वेगळे होण्याचा संकोच वाटणाऱ्यांना ती सोय आकर्षक वाटते. मी तिचा पुरस्कार करीत नाही. एक तर ही संमिश्र पद्धती परंपरेतली नाही, प्रवाशांसाठी अलीकडे निर्माण झालेली आहे. आणि दुसरे म्हणजे अशा संमिश्र हमामांपैकी काहींत स्त्रियांनाही पुरुष सेवकच न्हाऊ घालतात, जी गोष्ट आपल्याकडच्या बहुतेक स्त्रियांना, आणि जुन्या तुर्की स्त्रियांनाही, रुचणारी नाही. वेळ ठरवितानाच ‘स्त्रियांना न्हाऊ घालणारी नातिर असेल ना?’ असे स्पष्ट विचारावे. पुरुष सेवकाला तेल्लाक म्हणतात आणि स्त्री सेविकेला नातिर. हे दोन शब्द उच्चारले, की समोरच्या माणसाला आपण काय विचारतो आहोत ते नेमके कळते.

दुसऱ्यांदा तुर्कस्तानास जाणाऱ्याने, किंवा धीट स्वभावाच्या कोणीही, मोहल्ल्यातील हमाम धुंडाळावा. तेथे इंग्रजी कोणाला येत नाही, टॉवेल विरलेला असतो, फरशी झिजलेली असते, आणि एकच दालन असल्यास स्त्रियांचे वार वा प्रहर वेगळे असतात, म्हणून दारावरची पाटी आधी वाचून यावी लागते. पण तेथे निवृत्त शिक्षक असतात, बाजारातले हमाल असतात, लग्नाच्या आदल्या दिवशी मित्रांनी आणलेला नवरदेव असू शकतो. दर बराच कमी असतो. सेवकाविना, स्वतःच स्वतःचे न्हाणे उरकण्याचीही मुभा असते. आणि अशा हमामांना आपल्या चार पैशांची निकड मोठ्या हमामांपेक्षा अधिक आहे. ज्यांच्या प्रवासात बुर्सा येते त्यांनी तर तेथील चेकिर्गे भागात जावेच जावे. तेथे जमिनीतूनच ऊन पाणी येते, आणि सुलेमानचा वजीर रुस्तम पाशा याने १५५२ साली बांधलेला येनी काप्लिजा आजही त्या स्थानी आहे.

आता संकोचाविषयी. मराठी प्रवाशाला हमामापासून जी गोष्ट परावृत्त करते ती खर्च नव्हे. ती लज्जा होय, आणि या लज्जेत युरोपीय चित्रकारांनी निर्माण केलेल्या कल्पनांचा वाटा मोठा आहे. फ्रेंच चित्रकार अँग्र याचे ‘तुर्की स्नान’ हे १८६२ सालचे सुप्रसिद्ध चित्र आज लूव्र संग्रहालयात आहे. त्यातील नग्न स्त्रियांची आळसावलेली गर्दी पाहून जगाने हमाम म्हणजे विलासाचे ठिकाण असा ग्रह करून घेतला. हा चित्रकार तुर्कस्तानास कधी गेलाच नव्हता. ज्या पत्रांतून त्याने विषय उचलला, ती ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिची पत्रे मात्र अगदी निराळी साक्ष देतात. १७१७ साली सोफिया नगरातील हमामात ती घोडेस्वारीच्या पोशाखातच शिरली, तेव्हा शेकडो स्त्रियांपैकी एकीनेही तिच्याकडे टवकारून पाहिले नाही की कुजबुज केली नाही, हे तिने आवर्जून नमूद केले आहे. युरोपातील कोणत्याही दरबारात परकीयेला इतके सौजन्य मिळाले नसते, असे तिला वाटले. स्त्रिया तेथे कॉफी पीत, नगराच्या वार्ता सांगत, दासींकडून वेण्या घालून घेत. आणि लेडी मेरीची घट्ट आवळलेली काचोळी पाहून, तिच्या नवऱ्यानेच तिला त्या यंत्रात कोंडले असावे, अशी त्यांची समजूत झाली. मुलाच्या जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी बाळंतिणीला आणि बाळाला हमामात नेण्याचा, लग्नाआधी वधूला मैत्रिणींसह न्हाऊ घालण्याचा सोहळा या स्त्रियांचाच. ज्या काळात त्यांना घराबाहेर फिरण्याची मोकळीक थोडी होती, त्या काळात हमामात जाणे हा त्यांचा हक्क मानला जाई.

प्रत्यक्षात पुरुषांच्या विभागात कंबरेचा पेश्तेमाल, म्हणजे चौकड्यांचे पातळ सुती वस्त्र, कधीही सोडायचा नसतो. सेवक न्हाऊ घालताना तोच ते कौशल्याने सरकवितो, आणि ते सोडणे हा असभ्यपणा समजला जातो. स्त्रियांच्या विभागात शिस्त थोडी सैल आहे, परंतु अंतर्वस्त्र किंवा पोहण्याचा पोशाख ठेवण्यास कोणी हरकत घेत नाही. ज्या समाजाचा संकोच आपल्याइतकाच आहे, त्याच समाजाने ही रीत घालून दिली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे मन निश्चिंत होते.

तयारीच्या बाबतीत काही सूचना अगदी स्पष्ट कराव्याशा वाटतात. भरल्या पोटी जाऊ नये. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्यावेत, आणि उपाशीही जाऊ नये. पाणी आधीपासून पीत राहावे. मद्य घेऊन जाणे धोक्याचे. ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाब ताब्यात नाही, ताप आहे, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी वैद्यांना विचारल्याखेरीज उष्ण दालनात पाऊल ठेवू नये. येथील उष्मा फिनलंडच्या सौनासारखा कोरडा व प्रखर नसला, तरी दमट असल्याने अशक्ताला तो सोसत नाही. आदल्या दिवशी दाढी, वॅक्सिंग वगैरे केले असेल, किंवा बॉस्फरसवरच्या उन्हाने अंग भाजले असेल, तर घासणी त्वचेला झोंबते. दिवाळीच्या अभ्यंगाच्या संस्काराने आपल्यापैकी पुष्कळांना न्हाण्यापूर्वी अंगाला तेल लावावेसे वाटते. येथे ते लावू नये, कारण तेलकट त्वचेवरून घासणी नुसती निसटते. तेथे घाम आधी, घासणी नंतर आणि साबण सर्वांत शेवटी असा क्रम आहे, आणि त्यात बदल करून चालत नाही.

स्त्रियांनी मंगळसूत्र, बांगड्या आणि कानांतले काढून कुलपाच्या खणात ठेवावे. मंगळसूत्र काढण्यास कित्येकींचे मन घेत नाही हे मला माहीत आहे, आणि त्यांच्या भावनेचा मी अनादर करीत नाही. परंतु तापलेल्या दालनात सोने गळ्याशी चटके देते, आणि घासणीचा खरखरीत कपडा काळ्या मण्यांच्या सरात अडकून तो तुटण्याची भीती असते. मण्यांमागे फरशीवर धावणे त्या निसरड्या जागी फार घातक. किल्ली मनगटाला बांधलेली असते, तेव्हा काळजीचे कारण नाही. पैसे देण्यापूर्वी त्या रकमेत काय काय अंतर्भूत आहे हेही विचारून घ्यावे: केवळ प्रवेश, की घासणी व फेस, की त्यावर तेलाची मालिश. पहिल्या दोहोंपलीकडे काही घेण्याची गरज नाही. तेलाची मालिश ही अलीकडची भर आहे.

आत गेल्यावर पहिली १५-२० मिनिटे काहीही करायचे नसते, आणि आपल्या लोकांना हेच सर्वांत जड जाते. शिलेवर पाठ टेकून पडावे, किंवा कुर्नाशी बसून तासाने अंगावर पाणी घेत राहावे. मग तेल्लाक येतो. तो प्रथम ओल्या तळहाताने आपला दंड एकदाच दाबून चोळून पाहतो. त्वचा हवी तशी मऊ झालेली नसेल, तर न बोलता निघून जातो आणि थोड्या वेळाने परत येतो. ती तयार झाली आहे अशी खात्री पटली, की केसे हा खरखरीत हातमोजा चढवून तो लांब, सरळ, एकाच दिशेच्या फटकाऱ्यांनी मनगटापासून खांद्यापर्यंत घासत जातो, आणि पाहता पाहता दंडावर करड्या रंगाच्या, पेरभर लांबीच्या वळ्या जमू लागतात. त्या आपल्याच मृत त्वचेच्या. सेवक त्या आवर्जून दाखवितो. त्याच्या कामाची ती पावती असते, आणि ती पाहून शरमून जाण्याचे काही कारण नाही, कारण रोज दोनदा साबण लावून न्हाणाऱ्याच्याही अंगावर त्या निघतात. त्यानंतर साबणाच्या पाण्यात भिजविलेली पातळ सुती पिशवी तो हवेत झुलवितो, तीत वारा भरला की तिचे तोंड मुठीत आवळतो आणि वरून खाली पिळत येतो. विणीतून फेस असा काही निघतो, की क्षणार्धात सारे शरीर वीतभर थराखाली दिसेनासे होते. या फेसाखालून तो पाठीचे, पोटऱ्यांचे, तळपायांचे मर्दन करतो. दुखले तर ‘यावाश’, म्हणजे सावकाश, एवढे म्हणावे. त्याला वाईट वाटत नाही.

तेल्लाकाचा व्यवसाय हलका समजण्याची चूक कोणी करू नये. १७३० साली ज्या उठावाने सुलतान अहमद तिसरा याला पदच्युत केले, त्याचा म्होरक्या पात्रोना हलील हा बायाझिद हमामात तेल्लाक होता असे सांगतात. तो हमाम आज हमाम-संस्कृतीचे संग्रहालय आहे. आठ-आठ तास त्या उष्म्यात उभे राहून दुसऱ्याचे शरीर स्वच्छ करणारा हा माणूस हा हुन्नर पूर्वी वडीलधाऱ्यांकडून शिकत असे आणि पुढच्याला देत असे. आता तरुण पिढी त्याकडे वळेनाशी झाली आहे. त्याला ‘आबी’, म्हणजे दादा, आणि नातिरला ‘आब्ला’, म्हणजे ताई, असे संबोधावे, आणि निघताना बक्षिसी थेट त्याच्या हाती द्यावी. मूळ रकमेच्या दहा-पंधरा टक्के दिले तर ते शोभते.

न्हाणे झाले म्हणजे हमाम संपला असे समजून लगेच कपडे चढविणारे प्रवासी अर्ध्याहून अधिक सुख मागेच ठेवून जातात. कोरड्या कपड्यांत आणि टॉवेलच्या पगडीत गुंडाळून आपल्याला जामेकानात आणून बसविले जाते, ‘सिहात्लेर ओल्सून’, तुम्हाला आरोग्य लाभो, असे म्हटले जाते, आणि पुढ्यात चहा, ताक किंवा सरबत येते. तेथे अर्धा-पाऊण तास तरी बसावे. रक्ताभिसरण पूर्ववत होण्यास तो वेळ शरीरालाही लागतोच. सगळे मिळून दोन-अडीच तासांचा हा व्यवहार आहे, जाणे-येणे धरून अर्धा दिवस.

हा अर्धा दिवस सहल-संयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत राखून ठेवावा, असे माझे त्यांच्याकडे मागणे आहे, आणि ते मुळीच अवघड नाही. इस्तंबूलमध्ये तीन-चार रात्रींचा मुक्काम असतो; त्यांपैकी ज्या दिवशी तोपकापीची पायपीट झालेली असते, त्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रँड बाजाराचा वेळ थोडा कमी करावा, गटासाठी हमामात वेळ आधी ठरवून घ्यावी, आणि ज्येष्ठ नागरिकांना कोणते धोके आहेत ते निघण्यापूर्वीच, मुंबई-पुण्याच्या माहितीसभेत, डॉक्टरांकडून सांगवून घ्यावे. ज्या हमामात सकाळ स्त्रियांची आणि संध्याकाळ पुरुषांची असते तेथे गट आपोआप दोन भागांत विभागला जाईल. सकाळी बायका हमामात असतील तेव्हा लहान मुलांना घेऊन तोफान्याच्या धक्क्यावर बोटी दाखवायला पुरुषांनी जावे, आणि बायकांना बाहेर यायला उशीर झाला तर त्यांनी फोन करून घाई करू नये.